दोन्हीत ४०५०च आहे, मग सहा हजार जास्त कशाला?

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा आठवला तो माझा भाचा. गेल्या वर्षी त्यानं तुझ्या यादीतल्या पहिल्यासारखाच लॅपटॉप घेतला आणि 'घे की, काय बघायचं त्यात' असं म्हणणारा मीच होतो. ती कथा पुढं येईलच.

बाकीच्यांसाठी तुझा पेच थोडक्यात सांगतो. गाव खानापूर तालुक्यात, बेळगावात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, ब्रँच कॉम्प्युटर सायन्स, रोज बसनं ये-जा. संध्याकाळी व्हॅलोरंट, जीटीए ५, सुट्टीत सायबरपंक, असे गेम. उरलेल्या वेळात कॉलेजचं काम, यूट्यूब आणि वडिलांचे सोसायटीचे हिशेब. दुकानदारानं दोन लॅपटॉप दाखवलेत, एकाच कंपनीचे. प्रोसेसर एकात एएमडीचा रायझन ७ ७४३५एचएस, दुसऱ्यात इंटेलचा कोअर आय५-१३४५०एचएक्स. बाकी दोन्हीकडं तेच: एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड सहा जीबीचं, १६ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी १४४ हर्ट्झचा स्क्रीन, ६० वॉट-अवरची बॅटरी. दुसरा सहा हजारांनी महाग. आणि दुकानदाराचं म्हणणं, 'सातवाला कमी पैशात मिळतोय, पाचवाला कशाला घेताय?'

माझं उत्तर: पाचवाला घे. पण गेमसाठी नव्हे.

गेमच्या बाबतीत दोघं जुळे भाऊ आहेत. फ्रेम, म्हणजे सेकंदाला येणारी चित्रं, किती येणार हे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड ठरवतं, आणि ते दोन्हीकडं एकच. फक्त एक बघून ठेव, स्पेसिफिकेशनमध्ये ग्राफिक्सचं वॅटेज किती लिहिलंय ते. लॅपटॉपच्या ४०५०ला कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही देऊ शकतात. नाव तेच, स्टिकर तोच, पण ५० वॉटचं आणि १०० वॉटचं कार्ड एकसारखं पळत नाही. दोन्हीकडं शंभरच्या आसपास असेल तर विषय संपला, त्याच्या वर पाच-दहा वॉटनं फार काही हाताला लागत नाही. व्हॅलोरंट प्रोसेसरवर जास्त चालतं, तिथं इंटेलचे कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग, थोडे चपळ पडतात. पण तुझा स्क्रीन १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रंच दाखवणारा, त्यामुळं अडीचशेच्या जागी तीनशे फ्रेम आल्या तरी तुझ्या डोळ्याला फारसं काही कळणार नाही. सायबरपंकला दोन्हीकडं सहा जीबी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरीच आड येणार. टेक्स्चर मध्यमवर ठेव आणि डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लाव, छान चालतं.

आता त्या 'सात' आणि 'पाच'चं. हे आकडे दोन वेगळ्या कंपन्यांचे, त्यांची एकमेकांशी तुलनाच होत नाही. हे म्हणजे एका शाळेतल्या सातवीच्या पोराला दुसऱ्या शाळेतल्या पाचवीच्या पोरापेक्षा हुशार म्हणण्यासारखं झालं. ७४३५ मधला तिसरा आकडा बघ, ३. एएमडीच्या त्या वेळच्या नावांत तो आकडा आतल्या मांडणीची पिढी सांगतो. इथं ती झेन ३ प्लस, म्हणजे २०२२ साली आलेली. आठ कोअर, सोळा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). इंटेलवाला जानेवारी २०२३चा, सहा मोठे आणि चार छोटे असे दहा कोअर, थ्रेड सोळाच. दोन्ही जुनेच म्हण, आणि दोन्ही तुझ्या कामाला पुरून उरतील.

मग सहा हजार कशाचे? तर ७४३५एचएसमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही.

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या पोटातलं, बारकं, कमी वीज खाणारं. दुसरं एनव्हिडियाचं, दांडगं. तू ब्राउझर उघडून नोट्स वाचत असतोस तेव्हा बारकं काम करतं आणि दांडगं पार झोपलेलं असतं. गेम सुरू केलास की ते उठतं. ७४३५एचएसच्या पोटात ते बारकं नाहीच. त्यामुळं साधी पीडीएफ उघडली, वडिलांचं एक्सेल उघडलं, नुसता डेस्कटॉप बघत बसलास, तरी ४०५० जागं. शेतातली एक भाजी आणायला ट्रॅक्टर काढावा तसं.

भाच्याचं हेच झालं. पहिल्या आठवड्यात खूश होता, गेम मस्त चालत होते. मग एक दिवस लायब्ररीतून फोन, 'मामा, सकाळी फुल चार्ज करून आलो, बारा वाजायला आले तर अठरा टक्के. बॅटरी खराब आहे वाटतं.' मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी टिळकवाडीत घरी आला, बॅटरीचा रिपोर्ट काढला, बॅटरी ठणठणीत. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेलो, तर डावीकडं 'जीपीयू ०' (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सच) एवढं एकच. एरवी ० आणि १ असे दोन दिसतात. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घेताना फक्त '४०५०' वाचलं होतं. प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधून बघायला दोन मिनिटं लागली असती.

गणित साधंच आहे. बॅटरी ६० वॉट-अवरची. नुसतं वाचता-लिहिताना त्याचा लॅपटॉप वीसेक वॉट खात होता, म्हणजे तीन तास. अंगचं ग्राफिक्स असलेल्या मशिनमध्ये तेच काम दहा-बारा वॉटमध्ये होतं, म्हणजे पाच-सहा तास. इंटेलची ही एचएक्स चिपसुद्धा काटकसरी म्हणून प्रसिद्ध नाही, तेव्हा पाचच धर. कॉलेजच्या दिवसाला तेवढे पुरतात. तीन तासवाला घेतलास तर तो अडीच किलोचा लॅपटॉप, वर विटेएवढा चार्जर, आणि वर्गात प्लग शोधत भिंतीकडेची जागा धरायची, हे सगळं खानापूरच्या बसमध्ये उभं राहून रोज करायचंय तुला.

आणि पावसाळ्यातल्या लाईटचं मी तुला काय सांगू, तू तिथंच राहतोस. जूनपासून तुमच्याकडं एकदा झड लागली की लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सबमिशन असेल तर दोन तास जास्त टिकणारी बॅटरी सहा हजारांची वसुली एका रात्रीत करून देते.

आणखी एक. कॉम्प्युटर सायन्सला आहेस, कधी तरी विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायला लागेलच. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो, पेनड्राइव्ह लावला की सरळ स्क्रीन येतो. नुसतं एनव्हिडिया असलं की इन्स्टॉलच्या वेळी काळा स्क्रीन घेऊन बसायची पाळी येऊ शकते. भाच्याच्या मशिनवर सुरू होतानाच 'नोमोडसेट' हा पर्याय घालून मगच उबुंटू सुरू झालं, तेही रात्री साडेअकराला. होतं सगळं, पण डोकं उठतं.

पहिल्याची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. त्यात गेमचं चित्र ४०५०कडून थेट स्क्रीनवर जातं. दुसऱ्यात ते बारक्या ग्राफिक्सच्या अंगणातून जातं, त्यात थोड्या फ्रेम सांडतात. त्यासाठी मक्स स्विच नावाची सोय असते, तुझ्या मॉडेलला आहे का विचार. असेल तर गेमच्या आधी बदलायचं, काहींमध्ये त्यासाठी रीस्टार्ट करावं लागतं. आणि लॅपटॉप कायम टेबलावर, चार्जर कायम लावलेला, असं असतं तर मी तुला डोळे झाकून पहिलाच घे म्हणालो असतो. होस्टेलवर राहणाऱ्या, खोलीबाहेर लॅपटॉप न नेणाऱ्या पोराला तोच परवडतो.

तुझ्या मित्रानं 'इंटेलची तेरावी पिढी खराब होते' म्हणून घाबरवलंय म्हणालास. ती भानगड डेस्कटॉपच्या प्रोसेसरांची होती, जास्त व्होल्टेजमुळं ते अस्थिर व्हायचे. २०२४ मध्ये इंटेलनं लॅपटॉपचे प्रोसेसर त्यात नाहीत असं स्पष्ट केलं. त्यावरून दुसरा सोडू नकोस.

स्क्रीनबद्दल मात्र मला शंका आहे. पहिल्याच्या माहितीत '१०० टक्के एसआरजीबी' (स्क्रीन किती रंग दाखवतो त्याचं माप) लिहिलंय, दुसऱ्याच्या माहितीत रंगांबद्दल अक्षरही नाही. कंपनी जिथं गप्प बसते तिथं बहुतेक वेळा '४५ टक्के एनटीएससी'चा पॅनेल निघतो, आणि त्यात रंग फिके येतात. दुकानात फोनमधला झेंडूच्या तोरणाचा फोटो लॅपटॉपवर पाठव आणि दोन्ही शेजारी धरून बघ. फिक्या पॅनेलवर झेंडू वाळल्यासारखा दिसतो, भगव्याचा विटकरी होतो. तसं निघालं तर त्याच मॉडेलचा चांगल्या पॅनेलवाला प्रकार मिळतो का विचार. नाही मिळाला तर? मी तरी बॅटरीच धरेन. पण सिनेमे बघणं, फोटोंवर काम करणं तुझ्यासाठी मोठं असेल तर तुझा कौल वेगळा पडू शकतो, आणि तो चूक म्हणणार नाही मी.

रॅम १६ जीबीची एकच पट्टी आहे की आठ-आठच्या दोन, हेही विचार. सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघायला जाशील तर फसशील, कारण डीडीआर५ची एकच पट्टी आतून बत्तीस बिटच्या दोन वाटांनी चालते आणि तिथं 'दोन' असं दिसतं. लोक त्यालाच ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन पट्ट्यांची जोडी समजतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट वापरलेत ते बघ. एकच असेल तर वाईट नाही, पुढं पैसे आले की दुसरी टाक. व्हॅलोरंटसारख्या गेमला त्याचा फरक जाणवतो.

कोल्हापूरला स्वस्त मिळेल का, असंही विचारलंयस. पूर्वी सीमेपलीकडचे कर वेगळे होते, तेव्हा लोक कोगनोळी नाका ओलांडून वस्तू आणायचे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, आता लॅपटॉपला इकडं-तिकडं १८ टक्केच. एखादा दुकानदार दोन हजार कमी करेलही, पण शंभरावर किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, त्यातलं काय उरतं?

त्यापेक्षा वॉरंटी बघ. 'ऑनसाइट', म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, लिहिलेलं असतं, पण ते पिनकोडवर ठरतं. माझ्या मागच्या लॅपटॉपचा पंखा दीड वर्षात कुरकुरायला लागला. तक्रार केली तर म्हणाले, तुमच्या भागात घरी सेवा नाही, सेंटरला आणून द्या. तिथून तो हुबळीला गेला आणि पंधरवड्यानं परत आला, वर बिजागरीचा एक स्क्रू गायब. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांकडं हे थोडंफार होतं. तू पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर किंवा फोन करून तुझ्या गावाचा ५९१वाला पिन तपास. शहराचा ५९०वाला टाकून 'हो' आलं म्हणून गावातही कुणी येईल असं धरू नकोस.

घरी प्लगला अर्थिंग आहे का तेही बघून ठेव. जुन्या घरांत तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये खुपसतात आणि मग लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसात ओल्या पायांनी तर जास्तच. वायरमनला बोलावून एक सॉकेट नीट करून घे आणि गेम तिथंच खेळ. बॅटरीवर गेम खेळायच्या फंदात पडूच नकोस, कुठल्याही गेमिंग लॅपटॉपला तेवढी वीज बॅटरीतून मिळत नाही, फ्रेम बऱ्याच खाली येतात.

दुसरा घेतल्यावरही ४०५० खरंच झोपतंय का, हे एकदा बघ. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये खाली टास्कबारवर जीपीयूची हालचाल दाखवणारं चिन्ह चालू करता येतं, त्यावर क्लिक केलं की कोणतं ॲप त्याला जागं ठेवतंय ते कळतं. माझ्याकडं वॉलपेपर हलवणारं एक फालतू सॉफ्टवेअर निघालं होतं.

जाता जाता, याच पैशात कुठं आरटीएक्स ५०५० दिसलं तर दोन्ही बाजूला ठेवून मला विचार. त्यात व्हीरॅम आठ जीबी आहे, सायबरपंकला ते दोन जीबी कामाला येतात. पण तिथंही प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून पाठव, नुसतं 'रायझन ७' नको. आणि दुकानात खोकं फोडल्यावर टास्क मॅनेजर तिथंच उघडायला लाव. दुकानदार 'एवढं काय बघताय' म्हणेल, म्हणू दे की.