वाचकांचे प्रश्न: मे महिन्यातल्या वॉलायसाठी काय सामान घ्यावं?

प्रश्न: आम्ही मिनेसोटात राहतो. मे महिन्यात वॉलाय (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडायचा सीझन उघडला की मी आणि मुलगा जाणार आहोत. दुकानात इतक्या प्रकारची आमिषं आणि रंग आहेत की काही सुचतच नाही. शिवाय मागच्या वेळी भर दुपारी तासन्‌तास बसलो, एकही मासा लागला नाही. नक्की काय घेऊ? – एक वाचक

उत्तर: आधी एक साधा थर्मामीटर घ्या, खरंच सांगतोय, कारण या दिवसांत सगळं पाण्याच्या तापमानावर असतं. बर्फ वितळून पाणी साधारण ४२ ते ५० डिग्री फॅरनहाइट झालं की वॉलाय गोट्या-खडीच्या उथळ जागी आणि नद्यांत अंडी घालतात. सीझन उघडेपर्यंत बऱ्याच तळ्यांत ते उरकलेलं असतं, पण नर तिथेच आसपास रेंगाळतात, म्हणून नदी तळ्याला मिळते ती जागा आणि खडीचा काठ आधी बघायचा, ५ ते १२ फूट पाण्यात, लगेच खोलात जायची घाई नको.

रॉड साडेसहा-सात फुटी, मीडियम लाइट, टोक चटकन वाकणारं, त्यावर छोटं स्पिनिंग रीळ आणि ६ किंवा ८ पाउंडची मोनो लाइन (एकपदरी नायलॉनची दोरी), बास. जाड लाइनवर हलकं जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) नीट खाली जात नाही आणि वॉलाय कधीकधी इतकं हळू तोंडात घेतो की नुसतं जड झाल्यासारखं वाटतं, ते हाताला कळलंच पाहिजे. जिग १/१६, १/८ आणि १/४ औंस अशी तीन वजनांची घ्या, तळाला टेकल्याचं कळेल तेवढं हलकं वापरायचं, वारा किंवा धार वाढली की जड लावायचं. रंगात फार अडकू नका हो, गढूळ पाण्याला भडक पिवळा-हिरवा किंवा नारिंगी, स्वच्छ पाण्याला फिका, एवढं पुरतं.

थंड पाण्यात जिगला मिन्नो (आमिषाचा छोटा मासा) लावा, गळ तोंडातून घालून डोक्याच्या मागून बाहेर काढायचा. जळवा थंडीत गोळा होऊन पडून राहतात, हलतच नाहीत, म्हणून पाणी पन्नाशीच्या बरंच वर गेल्यावर त्या आणि गांडुळं. आणि ओढायचं अगदी सावकाश, थोडं उचललं, परत तळाला टेकू दिलं, थांबलं. बहुतेकांचं इथेच चुकतं, सामान चांगलं असतं पण हात घाई करतो. मुलाला धीर धरवत नसेल तर त्याला स्लिप बॉबर (लाइनवर सरकणारा तरंगता गोळा) द्या, लाइनवर गाठ मारून खोली ठरवता येते आणि आमिष तळापासून फूटभर वर राहतं.

दुपारचं म्हणाल तर वॉलायच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं आणि तेव्हाच तो उथळ पाण्यात शिकारीला येतो. म्हणून पहाट आणि सूर्यास्तानंतरचा तास सोडू नका. दुपारीच जमणार असेल तर ढगाळ दिवस बघा नाहीतर ज्या काठावर वाऱ्याने लाटा आपटतायत तिथे जा, तिथे उजेड कमी शिरतो, आपण मात्र सवयीने शांत पाणी शोधत बसतो.

लायसन्स आणि त्या तळ्याचे लांबीचे नियम आधी बघून घ्या, मिल लॅक्स तळ्यासारख्या ठिकाणी ते वेगळे असतात. खूप मोठा मासा लागला तर ती बहुधा मादी असते, हात ओले करून धरा आणि लगेच पाण्यात सोडा.