दाढेच्या खड्ड्यातलं पांढरं

अक्कलदाढ काढून तिसरा दिवस. रात्री एका विद्यार्थिनीचा फोन आला, आवाज रडवेला. "मॅडम, खड्ड्यात पांढरं पांढरं दिसतंय. पू झालाय बहुतेक. गालही कालपेक्षा सुजलाय." मोबाइलचा टॉर्च लावून ती आरशासमोर उभी होती. हातात कान कोरायची कापसाची काडी.

"आधी ती काडी खाली ठेव," मी म्हटलं.

दाढ काढलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. दोन-तीन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळसर साय येते. तो बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरत असते. ते कोरलं की खालचं हाड उघडं पडायची भीती.

मग मी विचारत गेले. ताप? नाही. तोंडाला घाण वास, घाण चव? नाही. गिळताना त्रास? नाही. दुखणं कालपेक्षा जास्त की कमी? ती जरा थांबली. "कमीच आहे. दुपारची गोळी घ्यायची विसरले, तरी चाललं." इथे माझा जीव भांड्यात पडला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते, मग उतरते. दुखणं मात्र रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं.

हे उलटं झालेलंही मी पाहिलंय. एक तरुण दोन दिवस ठीक होता, चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका. दुसऱ्याच दिवशी सिगारेट ओढली होती. गुठळी निघून गेली होती, म्हणजे ड्राय सॉकेट. डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली आणि त्याला आराम पडला. पण "दुखणारच" म्हणून त्यानं दोन रात्री जागून काढल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. एक फोन करायचा होता.

तिला सांगितलं, स्ट्रॉ नको, जोरात थुंकू नकोस. मिठाचं कोमट पाणी तोंडात हळू घोळव आणि मान वाकवून नुसतं सांडू दे. बोळा दाबूनही रक्त थांबलं नाही, ताप आला किंवा इथून पुढे सूज वाढली तर लगेच डॉक्टरांना फोन कर. गिळता येईना किंवा श्वास अडकला तर थेट इस्पितळात जा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. जखम छान भरत होती. "खड्डा बुजणार कधी?" तिनं विचारलं. हिरडी काही आठवड्यांत, आतलं हाड भरायला काही महिने.