युद्धातील खासगी तंत्रज्ञान आणि कायदा

प्रश्न : उपग्रहांवरून चालणारी इंटरनेट सेवा कुठे चालू ठेवायची, हे एकटा उद्योजक ठरवतो. त्याच्या निर्णयामुळे युद्धातील मोहीम फसली, तर त्याला कोणत्या न्यायालयात जाब विचारता येईल?

उत्तर : आपला रोख बहुधा रशिया-युक्रेन युद्धातील क्रिमियाच्या, म्हणजे रशियाने २०१४ मध्ये युक्रेनकडून बळकावलेल्या द्वीपकल्पाच्या, प्रसंगाकडे असावा. स्टारलिंक ही उपग्रह इंटरनेट सेवा चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख ईलॉन मस्क यांनी २०२२ मध्ये ती सेवा क्रिमियातील सेवास्तोपोल बंदरापर्यंत सुरू करण्याची युक्रेनची सरकारी विनंती नाकारली; ती मानली असती तर कंपनी मोठ्या युद्धकृत्यात सामील झाली असती, असे त्यांनी पुढच्या वर्षी जाहीरपणे सांगितले. अशा नकाराचा जाब विचारू शकेल असे आंतरराष्ट्रीय न्यायालय आज अस्तित्वात नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

खासगी माणूस युद्धाच्या कायद्यातून सुटतो, असा मात्र याचा अर्थ नाही. नाझी छळछावण्यांना झायक्लॉन बी हा विषारी वायू पुरवणाऱ्या कंपनीचा मालक ब्रुनो टेश आणि त्याचा दुय्यम कार्ल वाइनबाखर यांना १९४६ मध्ये हॅम्बुर्ग येथील ब्रिटिश लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. वायू कशासाठी वापरला जातो हे त्यांना ठाऊक होते, हा त्या निकालाचा गाभा होता. इराकला रासायनिक अस्त्रांसाठी कच्चा माल विकणाऱ्या फ्रान्स व्हॅन अन्राट या डच व्यापाऱ्यालाही २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये युद्धगुन्ह्यांतील साहाय्याबद्दल शिक्षा झाली. म्हणजे गुन्ह्याला जाणूनबुजून हातभार लावणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मदत नाकारणे हा मात्र गुन्हा ठरत नाही, मग त्या नकाराने रणांगणाचे चित्र कितीही पालटो. शिवाय १९९८ च्या रोम संविधीनुसार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात केवळ व्यक्तीवर खटला चालतो, कंपनीवर नाही.

उरते राज्यसंस्था. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचा सहावा अनुच्छेद सांगतो की खासगी संस्थांच्या अवकाशातील कार्याचीही आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्यांच्या देशावर असते आणि त्या देशाने त्यांना परवानगी देऊन त्यांच्यावर सतत देखरेख ठेवली पाहिजे. माझ्या मते खरी चावी इथेच आहे. मालकाला शिक्षा कशी करायची यापेक्षा, युद्धकाळात सेवा चालू वा बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे परवान्याच्या अटींत आधीच लिहून घेणे अधिक निकडीचे आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने युक्रेनसाठी स्टारलिंकची सेवा करार करून घेतली, तेव्हा निदान त्या सेवेपुरता सरकारशी बांधलेला व्यवहार अस्तित्वात आला. पण तोवर युद्धाला वर्षाहून अधिक काळ लोटला होता आणि क्रिमियाचा निर्णय केव्हाच होऊन गेला होता.