माणूस आठवणीत जिवंत राहतो, त्यालाच पुनरुत्थान म्हणायचं का?

नाही म्हणायचं. तुम्ही विचारलंय की कवी म्हणतात माणूस आठवणीत उरतो, ख्रिस्ती म्हणतात तो उठेल, मग दोन्ही एकच नव्हे का. अगदी हेच माझ्या दादानं मला 2019 च्या पुरात ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. आम्ही राजारामपुरीत मावसबहिणीकडे जाऊन राहिलो. परत आलो तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात आईची वही गाळात रुतलेली. आई तीन वर्षांपूर्वीच गेली होती. तिचं माहेर वारकऱ्यांचं, सासर चर्चचं. वहीत निम्मी भक्तिगीतं, निम्मे तुकोबांचे अभंग. गीतं शाईनं लिहिलेली आणि अभंग पेन्सिलनं, कारण घरात कुणी नाराज झालं तर खोडता यावेत.

दादानं ती वही भिजलेल्या गाद्यांबरोबर कोंडाळ्यात टाकली. "आई काय वहीत आहे होय? मनात आहे की," म्हणाला. मी कोंडाळ्यात उतरून ती काढून आणली. त्यावरून आम्ही भांडलो, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

पानं सुकायला बारा-तेरा दिवस लागले. शाई सगळी फुटून पानं निळी झाली होती, पेन्सिलीचं अक्षर मात्र जसंच्या तसं. छापील गीतं 'उपासना संगीत' हे चर्चचं गीतपुस्तक बघून पुन्हा उतरवली. अडलं ते आईनं स्वतः रचलेलं ईस्टरचं गीत. ते कुठंच छापलेलं नव्हतं. मग चर्चच्या भगिनी मंडळातल्या बायका तीन रविवार आमच्याकडे बसल्या. एक ओळ एकीला, एक दुसरीला, चाल तिसरीला. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तेराव्या दिवशी कोरडी वर आली म्हणतात, आणि काही जण म्हणतात ती लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली. मला त्या तीन रविवारांत दुसरं म्हणणं पटलं.

पण आता जी वही माझ्याकडे आहे ती माझ्या अक्षरात आहे. आईचा 'ळ' खाली लोंबायचा, तो या वहीत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य 1919 मध्ये ते वारले तेव्हा अपुरं होतं, पुढचे बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. काम पुरं झालं, ग्रंथ हातात आला. टिळक आले का? लक्ष्मीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे.

आठवणीनं शब्द परत येतात, हात येत नाही. शुभवर्तमानात त्या बाया पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे गेल्या त्या आठवणीपोटीच. मेलेल्या देहाला लावायची होती ती. आठवण पुरेशी असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पुढं उठलेल्या ख्रिस्तानं शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवले ते खिळ्यांचे व्रण असलेले हात. विश्वास जे मागतो ते एवढं मोठं आहे. पटत नसेल तर सरळ नाही म्हणा, पण त्याला आठवण म्हणून लहान करू नका. हे मी दादालाही सांगते.

आठवण बिनकामाची, असं मात्र मी म्हणत नाही. भाकर मोडताना प्रभूच म्हणाला, "हे माझ्या स्मरणार्थ करा". त्याच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगारानंही एवढंच मागितलं की माझी आठवण ठेव. आणि हे सगळं मी ख्रिस्ती घरातून सांगते आहे. ज्ञानोबांची संजीवन समाधी ही वेगळीच गोष्ट, तिला मरण म्हणतच नाहीत. ते वारकऱ्यांनी सांगावं. आईच्या वहीत तुकोबा कशाला, असं दादा विचारतो, तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो हे टिळकांचंच सांगणं आहे.

तुमच्याकडे कुणाची भिजलेली वही असेल तर ओली असताना चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. जिथं सहज उघडतात तिथं मध्ये कोरे कागद घाला, ते बदलत राहा, उन्हात टाकू नका. आणि आवरायला येणाऱ्या भावाच्या हाती ती देऊ नका.

आईच्या गीतातली तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ कुणालाच आठवली नाही. मी ती जागा कोरी सोडली आहे. मंडळातल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी ते गीत आईबरोबर सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत भेटलो की मी त्यांना विचारते. डोळे मिटून पहिल्या ओळीपासून म्हणत येतात आणि तिथंच थांबतात.