गुडघ्याखालची उशी आधी काढा

हात किंवा पाय गमावलेल्या घरांतून तेच तेच प्रश्न येत राहतात. बरेचसे एका ओळीत संपतात. एकावर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण चालू शकणारी माणसं त्यापायी अंथरुणाला खिळलेली मी पाहिली आहेत.

टाके निघाले आहेत. कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागाला बिब्ब्याचं तेल चोळलं की तो लवकर टणक होतो म्हणतात. चोळू का? (खानापूर)

नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते. शुगरच्या माणसाला ते कळतही नाही.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड बेळगावात काढलं तर कोल्हापुरात चालेल का? (निपाणी)

चालतं, कार्ड देशभर एकच आहे. राज्याच्या सवलती मात्र वेगवेगळ्या असतात, त्या तिथल्या कार्यालयात विचारा. फॉर्म कन्नडमध्ये आला म्हणून घरी ठेवून देऊ नका, वाचणारा शोधा.

वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढून तीन आठवडे झाले. सूज उतरावी आणि आराम पडावा म्हणून गुडघ्याखाली वाकळेची घडी देतो. बरोबर ना? (खानापूर तालुका)

बरोबर नाही. हे वाचून झालं की आधी ती घडी काढा.

गुडघा वाकलेला ठेवला की दुखणं कमी वाटतं, म्हणून प्रेमानं उशी दिली जाते. पण मांडीमागचे स्नायू त्या स्थितीत आखडतात आणि काही आठवड्यांत गुडघा सरळच होईनासा होतो. मग कृत्रिम पाय कितीही चांगला आणा, त्यावर भार टाकता येत नाही. आमच्याकडे एक शेतकरी आठ महिन्यांनी आले. पाय तयार होऊन टेबलावर होता, आणि त्यांचा गुडघा पाटावर बसल्यासारखा वाकलेला. घरच्यांनी त्यांची सेवा मनापासून केली होती, उशीसुद्धा रोज बदलली होती. त्यांना नुसतं उभं करण्यात कित्येक महिने गेले.

गुडघा सरळ ठेवा. खुर्चीत बसवताना उरलेल्या पायाखाली फळी सरकवा, लोंबू देऊ नका. दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटं पालथं झोपवा, म्हणजे कंबरेचा सांधाही आखडत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सूज उतरवायला क्रेप बँडेज आहे: इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तिरकं, टोकाशी घट्ट, वर सैल, चार-सहा तासांनी सोडून पुन्हा. गोल गोल आवळून बांधलं तर रक्त अडतं. शुगरच्या पायाला ते बांधावं की नाही हे सर्जनना विचारा आणि पहिल्यांदा सिस्टरकडून हात धरून शिका. फिजिओथेरपिस्टकडे याच आठवड्यात न्या. जखम भरली की बघू म्हणणाऱ्यांचंच नुकसान मी जास्त पाहिलं आहे.

आईला नसलेल्या पायाची बोटं दुखतात. शेजारी करणी म्हणतात. (येळ्ळूर)

करणी नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही आणि कापलेल्या शिरांकडून निरोप येत राहतात. ते दुखणं खरं आहे. आईला वेड लागलं असं कुणालाही म्हणू देऊ नका. औषधं आहेत, आणि आरशासमोर चांगला पाय हलवण्याचा व्यायामही आहे. तो १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणला. अंगारे-धुपाऱ्यांत महिना घालवू नका. उरलेल्या पायाचं टोक लाल, गरम किंवा ओलं असेल तर मात्र आधी सर्जन.

एजंट ‘जर्मन पाय’ अडीच लाखांत देतो, अर्धे पैसे आताच मागतो. जखम अजून ओली आहे. (चिक्कोडी)

एक पैसाही देऊ नका. ओल्या जखमेवर माप घेणारा माणूस पाय विकतोय, बसवत नाहीये. पहिल्या वर्षात उरलेला पाय बारीक होत जातो आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा, बदलावं लागतं. तो खर्च कोण करणार, हे त्याला विचारा. जयपूर फूट १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तो अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठी. भाताच्या खाचरात तो महागड्या पायापेक्षा सोयीचा ठरू शकतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीवर, साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. कोणता पाय, हे तपासून पुनर्वसनतज्ज्ञ ठरवतील.

कडबाकुट्टीत भावाचा उजवा पंजा गेला. कृत्रिम हातानं विळा धरता येईल? (काकती)

दिसायला केलेल्या हातानं नाही. पकडीसाठी दोन बोटांचा हूक असतो, तो तपासणीत मागा. डाव्या हातानं जेवणं, लिहिणं आजपासून सुरू करा.

माझा दुसरा पायही आता बधिर वाटतो. बिडी थोडी कमी केली तर चालेल? (निपाणी)

चालणार नाही. बिडी आजच बंद. तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या आणखी अरुंद होतात. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहा, बोटांच्या बेचक्यांतही पाहा, शेतात अनवाणी जाऊ नका. बोट निळं-काळं पडलं, फोड आला किंवा घाण वास आला तर बाजाराचा वार न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.