पिवळी पडलेली चहाची रोपं: चुन्याची पोती आधी बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंत: निलगिरीत कोटगिरीजवळ दीड एकर चहा, रोपं दुसऱ्या वर्षात, पानं पिवळी, मातीच्या रिपोर्टवर पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट) ४.९ आणि खाली "चुना टाकावा", तर टाकू का? अहो दादा, ही तर माझीच गोष्ट, फक्त माझ्या रिपोर्टवर ४.८ होतं. चुना आणला असाल तर पोती उघडू नका.

क्लोन (म्हणजे रोपाची जात), लावणी, सावलीला सिल्व्हर ओक वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

मी कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनला नोकरीला होतो, रिटायर झाल्यावर तिकडेच उतारावर दोन एकर घेतले. कोकणातला माणूस, चहा फक्त प्यायचा माहीत. माती एका ऑफिसात तपासायला दिली (नाव घेत नाही, उगाच वाद नको). फॉर्मवर पीक "चहा" असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पण शिफारस छापील, बटाटा काय गाजर काय चहा काय, सगळ्यांना तीच. गावी भाताला चुना टाकताना बघितलेला, म्हटलं बरोबरच असणार. शेजारचे बडगा (इथला स्थानिक समाज) आजोबा कुंपणापलीकडून हात हलवून नको नको म्हणत होते, मला त्यांची भाषा जेमतेम, मी आपला हसून मान डोलावली.

चहाला पीएच साधारण साडेचार ते साडेपाच लागतो. म्हणजे माझी जमीन ठणठणीत होती हो! चुन्याने पीएच सहाच्या वर गेला, रोपांना लोह मिळेना, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. बांधावरचं हायड्रेंजियाचं फुलझाड निळं फुलायचं ते पुढच्या सीझनला गुलाबी झालं, आंबट मातीत ते निळं फुलतं, चुना पडला की गुलाबी. बायको म्हणाली किती गोड रंग, मी फोटो काढून गावी पाठवला. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

चुना टाकायला एक दुपार लागली, निस्तरायला चार वर्षं, माती परत आंबट करायला अमोनियम सल्फेट खत देत बसलो, तरी निम्मी रोपं उपटावी लागली. ऑफिसात विचारायला गेलो तर साहेब म्हणतात, शिफारस म्हणजे सक्ती नाही. घ्या!

मी तज्ज्ञ नाही, आणि नुसतं पिवळी म्हटल्यावर नेमकं सांगता येणार नाही. पण खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडत असेल, आणि मुळाशी पाणी साचतंय का तेही बघा, चहाला पाऊस हवा पण पाय ओले राहिलेले चालत नाहीत. पीएच साडेचारच्याही खाली गेला तर छाटणीच्या वर्षी डोलोमाइट (मॅग्नेशियमवाला चुना) देतात, ते वेगळं, आणि तेही कुन्नूरला उपासीच्या (UPASI, दक्षिणेतल्या मळेवाल्यांची संघटना) कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच करा.

अवांतर, पुढे पाला तोडायला लागलात की स्वतःचा काटा घ्या. पावसात "पाला ओला आहे" म्हणून एजंट वजन कापतो, किती कापायचं ते तोच ठरवतो. गव्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

फोटो टाकाल तेव्हा शेंडा आणि खालची पानं दोन्ही दिसू द्या.