आंब्याची मेल स्पॅममध्ये गेली, स्वतंत्र आयपी घेऊ का?

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. ६,८०० ग्राहकांना मार्च ते मे दर आठवड्याला एक मेल जाते. यंदा पाडव्याची मेल बऱ्याच जणांच्या स्पॅममध्ये पडली. मेलसेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, ‘शेअर्ड आयपीवर दुसऱ्यांचं पाप तुमच्या माथी येतं, दरमहा जादा भरा आणि स्वतंत्र आयपी घ्या.’ घ्यावा का?
— एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : ताई, घेऊ नका.

तो माणूस खोटं बोलत नाहीये. आयपी म्हणजे मेल सोडणाऱ्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता. शेअर्ड आयपीवरून तुमच्यासोबत इतरही शेकडो जण मेल सोडतात आणि त्यातल्या एखाद्याने घाण केली तर शिंतोडे सगळ्यांवर उडतात. पण त्याने अर्धंच सांगितलं. नव्या आयपीला कसलीच पत नसते. नव्या गावात पहिल्याच दिवशी वाण्याकडे महिन्याची उधारी मागितली तर तो काय म्हणेल? जीमेल तेच म्हणतं. पहिल्या दिवशी काही शे, मग हळूहळू वाढवत जायचं, यात तीन ते सहा आठवडे जातात. तोवर तुमची अक्षय्य तृतीया होऊन गेलेली असेल. शिवाय ही पत टिकते जेमतेम महिनाभर. जून ते फेब्रुवारी तुम्ही गप्प, म्हणजे दर मार्चला पुन्हा श्रीगणेशा, आणि भाडं मात्र बारा महिन्यांचं.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी हौसेने स्वतंत्र आयपी घेतला आणि वसुबारसेच्या रात्री चाळीस हजार मेल एकदम सोडल्या. पहाटे लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर जीमेलच्या ओळीमागून ओळीत ४२१. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’, पाचने सुरू होणारा म्हणजे सरळ नकार. आमचा सर्व्हर बिचारा दार ठोठावत राहिला. त्याची मुदत पाच दिवसांची. भाऊबीजेच्या सुमारास उरलेल्या मेल माझ्याच दारात परत. प्रकाशकांनी नंतर फोनवर काय ऐकवलं, ते इथे छापता येणार नाही.

स्वतंत्र आयपी शोभतो तो रोज, बारमाही, महिन्याला लाखांनी मेल पाठवणाऱ्याला. बिलं, ओटीपी, रोजचं वार्तापत्र, असं काही. तुमचा हिशेब ऐन हंगामातही महिन्याला सत्तावीस हजारांचा.

मग मेल स्पॅममध्ये का गेली? स्वतःच्या जीमेलवर आलेली तीच मेल कॉम्प्युटरवर उघडा, तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन ओळी दिसतील. मेल खरंच तुमच्याच नावाने आलीय का, याच्या या तीन तपासण्या, तिन्हींपुढे ‘पास’ हवं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची आहेत, आणि एकदा तो आकडा गाठला की गूगल तुम्हाला कायमचं मोठ्यांत मोजतं. पाठवणारा पत्ता बागेच्या डोमेनचा, म्हणजे @ नंतर बागेचं स्वतःचं नाव असलेला, आहे ना, तेही बघा. @जीमेल.कॉमवाला असेल तर दुखणं तिथेच सापडलं. एसपीएफच्या ओळीत आयपीही दिसेल. तो स्पॅमहॉस या, स्पॅम सोडणाऱ्या आयपींची काळी यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून तपासा. त्या यादीत निघाला तर कंपनीकडे दुसरा पूल, म्हणजे शेअर्ड आयपींचा दुसरा गट, मागा, त्याला जादा पैसे पडू नयेत.

माझा खरा संशय मात्र तुमच्या यादीवर आहे. नऊ महिने तुमचं नाव नाही आणि पाडव्याला अचानक मेल. आंबा लक्षात राहतो हो, बागायतदार कुणाच्या लक्षात राहतो? लोक ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबून मोकळे. हजारात तिघांनी दाबलं तरी गूगलची ०.३ टक्क्यांची मर्यादा गाठली जाते. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हे प्रमाण फुकट दिसतं. आणि ही नाराजी तुमच्या डोमेनच्या खात्यावर जमा होते, आयपी बदलून ती पुसली जात नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच, गेल्या दोन हंगामांत ज्यांनी पेटी घेतली फक्त त्यांना, मोहोराचा फोटो पाठवा. बाकीचे आठवड्या-आठवड्याने जोडा. प्रदर्शनातल्या वहीतून उतरवलेले जुने पत्ते असतील तर ते सरळ काढून टाका. आणि त्या तीन ओळींत कुठे ‘फेल’ दिसलं तर मला कळवा, पुढच्या अंकात ते कसं दुरुस्त करायचं ते लिहितो.